गायक पडद्यावर, वादक मंचावर

"पडद्यावरची माणसं बघायला लंडनपर्यंत गेलात? तेही एवढं महागाचं तिकीट काढून?" लंडनमधल्या पुडिंग मिल लेन स्टेशनबाहेरचा आमच्या चौघींचा फोटो टाकल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. हो, गेलो. शनिवार-रविवार मोकळा काढून, नवरे आणि मुलं घरी ठेवून, 'ॲबा व्हॉयेज' बघायला गेलो. आणि परतल्यापासून माझं मत पक्कं झालंय की जुन्या गाण्यांचे जेवढे म्हणून कार्यक्रम मी पाहिले, इंग्लंडमधले काय आणि पुण्यातले काय, त्यांत इतक्या सचोटीने केलेले फार थोडे होते. तुम्ही ज्याला खोटं म्हणताय त्याच कार्यक्रमाबद्दल हे म्हणतेय.

ज्यांना ॲबा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनच्या पॉप बँडमधले चौघे: अग्नेथा, ब्यॉर्न, बेनी आणि ॲनी-फ्रीड, जिला सगळे फ्रीडा म्हणतात. दोन गायिका, दोन संगीतकार, आणि त्या काळात दोन जोडपी. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकून ते जगापुढे आले. पुढे दोन्ही लग्नं मोडली, तरी काही काळ ते एकत्र गात राहिले आणि १९८२ च्या अखेरीस थांबले. 'आम्ही संपलो' असं त्यांनी कधी जाहीर केलं नाही, फक्त थांबले. मधल्या काळात पुन्हा एकत्र येऊन दौरा करावा म्हणून त्यांना एक अब्ज डॉलर देऊ केले होते, तेही त्यांनी नाकारले. मग २०२१ च्या नोव्हेंबरात, चाळीस वर्षांनी, नवा अल्बम आला आणि २७ मे २०२२ पासून लंडनमध्ये हा कार्यक्रम सुरू झाला.

त्यात हे चौघे प्रत्यक्ष नसतात. सत्तरीच्या घरातल्या या माणसांनी स्टॉकहोममध्ये पाच आठवडे अंगाला चिकटून बसणारे खास सूट घालून १६० कॅमेऱ्यांसमोर आपलीच गाणी पुन्हा म्हटली, हातवारे केले, पावलं टाकली. तरुण नर्तकांच्या हालचालींची जोड घेतली. त्यावरून 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या कंपनीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी दिसायचे तसे चौघे संगणकावर घडवले. आवाज त्यांच्याच मूळ रेकॉर्डिंगमधले. आणि मंचावर दहा जणांचा बँड, हाडामांसाचा, प्रत्येक प्रयोगाला प्रत्यक्ष वाजवणारा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे.

आता आम्ही कोण, ते सांगते. चौघीही ऐंशीच्या दशकात पुण्याच्या एकाच लेडीज हॉस्टेलमध्ये. साताऱ्याची, नगरची, लातूरची आणि मी कोल्हापूरची. सगळ्या मराठी माध्यमाच्या. इंग्रजी गाणी आमच्यापर्यंत पोहोचली ती कोणाच्या तरी दुबईच्या मामाने आणलेल्या कॅसेटवरून केलेल्या कॉपीतून. शब्द निम्मे कळायचे, निम्मे आम्ही जुळवायचो. साताऱ्याच्या मैत्रिणीने 'मम्मा मिया' पहिल्यांदा ऐकलं आणि उडालीच, "अगं, हे तर 'हम किसीसे कम नहीं'मधलं!" मूळ गाणं १९७५ चं, पंचमची चाल १९७७ ची, पण आमच्या कानांवर उलट्या क्रमाने आलं. आमच्यासारख्या कितीतरी जणांची या बँडशी ओळख अशीच झाली असणार.

आम्ही त्यांना ऐकायला लागलो तेव्हा ते गायचे थांबलेही होते. १९७७ ला त्यांनी युरोप आणि ऑस्ट्रेलियाचा दौरा केला, १९७९ ला अमेरिका-कॅनडाचा, १९८० ला जपानचा. भारतात ते कधी आलेच नाहीत. आमच्याकडे टीव्हीवर ते दिसत नव्हते, मासिकातला फोटोही क्वचित. कॉपी केलेल्या कॅसेटला कव्हरसुद्धा नसायचं, निळ्या बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची यादी असायची. म्हणजे आमच्यासाठी ॲबा पहिल्या दिवसापासून फक्त आवाज होते. इंग्लंडमधल्या किंवा स्वीडनमधल्या माणसाने म्हणावं की मूळ माणसं हरवली आणि त्यांच्या जागी चित्रं आली. आम्ही काय हरवलं? आम्हाला त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्या आवाजांना चेहरे, केस, खांदे, चालण्याची ढब मिळाली. "खरे कुठे होते ते?" असं मला विचारणाऱ्यांना मी विचारते, आपल्यासाठी ते खरे कधी होते?

तर शनिवारी निघालो. मी राहते त्या लीड्सहून गाडीने लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला. साताऱ्याची रेडिंगहून. लातूरची डब्लिनहून विमानाने, आदल्या रात्रीच आलेली. नगरची सध्या स्लाउला लेकाकडे आहे, चार महिन्यांच्या नातीसाठी आलेली. तिने लेकाला आणि सुनेला सरळ सांगितलं, "दोन दिवस तुमचं बाळ तुम्ही बघा, मी मैत्रिणींबरोबर चाललेय." लेक पटकन हो म्हणाला, सून तर त्याच्याही आधी. हे मुद्दाम लिहिते, कारण आजी झाल्यावर इथे येऊन सहा महिने घराबाहेर न पडलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. विचारलं तर 'हो' मिळतं, पण विचारायचंच राहून जातं. ज्यांची आई सध्या तुमच्याकडे आली आहे त्यांनी तिच्या मैत्रिणी या देशात कुठे आहेत ते एकदा विचारा आणि तिकीट काढून द्या.

पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डला एकच मोठी खोली घेतली. बॅगा टाकल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि दुपारचे तीन तास कसे गेले ते कळलं नाही. गुडघे, रजोनिवृत्ती, पुण्यात एकट्या असलेल्या आया, एकीचा नुकताच झालेला घटस्फोट. फोनवर हे सगळं आधी बोलून झालेलं होतं. पण समोर बसून, एकीच्या पायाला तेल लावत दुसरीने ऐकणं वेगळं. संध्याकाळी नगरच्या मैत्रिणीने मोरपंखी रंगाची सिल्कची साडी नेसली आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातले. बाकी आम्ही तिघी टिकल्यांच्या टॉप्समध्ये. स्ट्रॅटफर्डहून डीएलआर या लंडनच्या लोकल रेल्वेने एकच स्टेशन, आणि बाहेर पडलं की समोरच ते षटकोनी थिएटर.

हे थिएटर या एका कार्यक्रमासाठीच बांधलंय. क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक पार्कच्या कडेला, तीन हजार माणसांचं, आणि उद्या उतरवून दुसऱ्या गावी पुन्हा उभं करता येईल असं. त्यातली निम्म्याहून थोडी कमी माणसं खाली नाचायच्या जागेत उभी असतात, बाकीची खुर्च्यांवर. आम्ही उभं राहायचं ठरवलं होतं. रांगेत आमच्या पुढे ऐंशीच्या आसपासच्या एक बाई होत्या, सोनेरी बूट, हातात काठी, बरोबर नात. त्यांनी नगरच्या मैत्रिणीच्या साडीचा पदर हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या की आज सगळ्यांत छान कपडे तुझे आहेत. नगरचीने त्यांना तिथल्या तिथे बटव्यातली टिकली काढून कपाळाला लावली. त्या ती लावूनच आत गेल्या.

आत फोटो आणि व्हिडिओ काढायला सक्त मनाई. आधी मला ते जाचक वाटलं होतं, आता वाटतं की प्रत्येक कार्यक्रमाला हा नियम हवा. तीन हजार माणसांतला एकही हात फोन धरून वर गेलेला नव्हता. वर गेलेले हात नाचायला गेले होते. शेवटचं असं दृश्य मी कधी पाहिलं होतं ते आठवत नाही.

पहिली दहा मिनिटं मी अगदी तपासनीसाच्या नजरेने बघत होते. बोटं नीट हलतात का, सावली पडते का, केस उडतात तेव्हा खरे वाटतात का. मोठ्या पडद्यांवर चेहरे जवळून दाखवतात तेव्हा डोळ्यांत थोडं काहीतरी उणं वाटतं, हे मान्य. मंचावरच्या माणसाएवढ्या आकृत्या मात्र अशा उभ्या होत्या की मेंदूने वाद घालणं सोडून दिलं. पण माझ्यासाठी तपासणी संपली ती आकृत्यांमुळे नाही. बास गिटारचा पहिला ठोका बुटाच्या तळव्यातून वर आला तेव्हा संपली. ड्रमच्या कातड्यावर काठी पडताना दिसत होती आणि त्याच क्षणी छातीत लागत होती. बँडमधल्या गायिका मूळ आवाजांना आपला आवाज जोडत होत्या, आणि त्यांच्या मानेच्या ताणलेल्या शिरा मला आमच्या जागेवरून दिसत होत्या.

मध्ये एक गाणं असं येतं की चारही आकृत्या नाहीशा होतात आणि सबंध मंच बँडच्या ताब्यात जातो. त्या गाण्याला आमच्या भोवतीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. 'वॉटर्लू'लाही, म्हणजे ज्या गाण्याने ते युरोव्हिजन जिंकले त्यालाही, आकृत्या गात नाहीत, तिथे ब्रायटनच्या त्या स्पर्धेचं १९७४ चं खरं चित्रण दाखवतात. किती नेमका विचार आहे बघा. जिथे खरं उपलब्ध आहे तिथे बनवलेलं वापरलं नाही.

एक क्षण सांगते. आमच्या त्या साठ मिनिटांच्या कॅसेटची पहिली बाजू 'फर्नांडो'वर संपायची. गाणं पूर्ण मावलेलं नव्हतं. शेवटच्या ध्रुवपदाच्या मध्यात खट्ट आवाज व्हायचा आणि टू-इन-वनचं बटण वर यायचं. त्यानंतर हे गाणं आम्ही सगळ्यांनी शंभरदा पूर्ण ऐकलंय, यूट्यूबवर, गाडीत, कुठे कुठे. तरी त्या रात्री चौघी एकमेकींच्या कमरेत हात घालून गात होतो आणि नेमक्या त्या जागी चौघीही थांबलो. कोणी ठरवलं नव्हतं. समोर गाणं चालूच राहिलं, बँड वाजवत राहिला, आणि लातूरची एकदम रडायला लागली. तीस-पस्तीस वर्षं आम्ही वेगवेगळ्या देशांत राहतोय, तरी ती खट्ट चौघींच्याही अंगात तशीच होती. हे मला घरी हेडफोन लावून कधीच कळलं नसतं.

आता खरंखोटं. ॲबांचं संगीत मुळातच स्टुडिओत घडलेलं आहे. त्यांचा ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो दोन्ही गायिकांचे आवाज एकावर एक पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचा, आणि टेपचा वेग किंचित बदलून थरावर थर चढवायचा. म्हणून ते सूर इतके भरीव लागतात. असा आवाज चार माणसं मंचावर उभी राहून काढूच शकत नाहीत, १९७९ मध्येही शकत नव्हती, दौऱ्यात त्यांना जास्तीचे गायक घ्यावे लागायचे. त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग जपायचं आणि त्याच्याभोवती जिवंत वाद्यं उभी करायची, हा निर्णय मला गाण्याशी इमान राखणारा वाटतो.

याच्या उलट आपल्याकडे काय चाललंय? मी दर हिवाळ्यात पुण्याला येते आणि दर वेळी जुन्या गाण्यांच्या एखाद्या तरी कार्यक्रमाला जाते. नावं घेत नाही. निवेदक छान असतो, मागे पडद्यावर गायक-संगीतकारांचे फोटो असतात, गाणारी मुलंमुली खरोखर तयारीची असतात. आणि मंच रिकामा. सगळं संगीत लॅपटॉपमधून, ट्रॅकवर. आमचे गायक खरे आणि वादक पेनड्राइव्हमध्ये. लंडनमध्ये गायक पडद्यावर होते, पण वादक समोर घाम गाळत होते. मला सांगा, यातला जिवंत कार्यक्रम कुठला?

ट्रॅकवर गाणारा गायक ट्रॅकच्या मागे धावत असतो. एखादी जागा घोळवावीशी वाटली तर घोळवता येत नाही, श्वास कमी पडला तर कोणी थांबत नाही. तबलजी असला तर तो गायकाच्या तोंडाकडे बघत असतो, आलाप लांबला तर सांभाळून घेतो, सम गाठून देतो. ढोलकीवर थाप पडली की मागच्या रांगेतला माणूसही सरसावून बसतो. पेनड्राइव्हला कोण सरसावून बसणार? आपल्या जुन्या गाण्यांत तर वादकांचं काम निम्म्याहून जास्त आहे. सतारीचा तो एक तुकडा, मेंडोलिनची ती एक ओळ, ॲकॉर्डियनचा श्वास, त्यावरून आपण गाणी ओळखतो. गायकाने तोंड उघडण्याआधी प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते त्या वाद्यमेळासाठी. आणि तोच वाजवणारा माणूस आपण पहिला कापला.

मला कारण माहीत आहे. सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, वादकांचं मानधन, त्यांच्या तालमी, प्रवास. तिकीट जरा वाढवलं की लोक कुरकुरतात. हे सगळं खरं आहे. पण अशोक हांडे यांनी 'मंगलगाणी दंगलगाणी'सारखा कार्यक्रम वर्षानुवर्षं मंचभर वादक आणि नर्तक घेऊन केला, आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. तेव्हा लोक येत नाहीत असं कोणी सांगू नये. ज्या पोरांनी वर्षानुवर्षं रियाज करून तबला, बासरी, व्हायोलिन हातात घेतलं त्यांना आपण लग्नाच्या हॉलमध्ये आणि ऑनलाइन शिकवण्यांमध्ये ढकललंय, आणि त्याच वेळी 'सुवर्णकाळ', 'सुवर्णकाळ' म्हणून गहिवरतोय. हे मला बघवत नाही.

दुसरा मुद्दा होकाराचा. ॲबा चौघेही हयात आहेत. त्यांनी स्वतः ठरवलं, स्वतः सूट घातले, स्वतः ती गाणी पुन्हा म्हटली, कोणती घ्यायची हे स्वतः निवडलं. शेवटी त्यांची आजच्या वयातली रूपंही नमस्काराला येतात. पांढरे केस, सावकाश चाल. ते बघून माझा गळा दाटला, कारण त्यात काही लपवलेलं नव्हतं. गेलेल्या कलाकारांना असं उभं करायचं का, हा प्रश्न फार वेगळा आहे. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या मदतीने एका तमिळ चित्रपटात वापरले. त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली होती, मोबदला दिला होता. तेवढं करणं ही किमान सभ्यता आहे. तरीही माझं मन घेत नाही. गाणाऱ्याने एखादी जागा अशी का घेतली, एखादं गाणं नको का म्हटलं, हे कुटुंबाला ठरवता येत नाही. आपल्या लाडक्या गायिकांच्या आवाजात यंत्राने म्हटलेली नवी गाणी आजकाल व्हॉट्सॲपवर फिरतात आणि लोक त्यांना बदाम पाठवतात. मला तशी गाणी पाठवू नका, एवढी विनंती आहे.

या कार्यक्रमात काय कमी होतं, तेही सांगते. वन्स मोअर नव्हता. संगीत नाटकांपासून आपल्याला ती सवय आहे. मनासारखी जागा आली की दाद द्यायची, आणि गाणाऱ्याने ती घेऊन पुन्हा म्हणायचं. अग्नेथाचं शेवटचं मोठं गाणं संपलं तेव्हा माझ्या तोंडून 'वन्स मोअर' निघालंच, पण तिला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. मधली त्यांची बोलणी रोज तीच असणार. बँडलाही पडद्याच्या वेळेत बांधून वाजवावं लागतं. ही उणीव मोठी आहे आणि कितीही पैसा ओतला तरी भरून निघणार नाही. म्हणून तर जिथे गाणारा माणूस समोर उभा आहे, दाद घेऊ शकतो, थांबू शकतो, पुन्हा म्हणू शकतो, तिथे त्याच्या मागे ट्रॅक लावून त्याचे हात बांधणं मला जास्त लागतं.

रविवारी सकाळी चौघींचेही पाय सुजले होते. व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हळूहळू चालत गेलो, तिथे कॉफी घेतली आणि डिसेंबरचं ठरवलं. पुण्यात जुन्या मराठी गाण्यांचा एक कार्यक्रम आहे असं नगरचीच्या बहिणीने कळवलं होतं. मी तिथूनच आयोजकांना फोन लावला. त्यांनी गायकांची नावं सांगितली. मी विचारलं, "वादक किती?" ते पुन्हा गायकांबद्दल सांगायला लागले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "अकरा आहेत मॅडम, ट्रॅक अजिबात नाही, आणि हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." चार तिकिटं सांगून ठेवली आहेत. लातूरचीची रजा अजून मंजूर व्हायचीय. पुण्यातलं कोणी येणार असेल तर मला मेसेज करा, म्हणजे एकाच रांगेत बसता येईल. आणि दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाला जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी वादक किती ते तुम्हीही विचारा.